चौदा माणसांची चिली

मर्व्हनं कप उपडा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी फिरवायला घेतली. सहा वेळा या बाजूनं, सहा वेळा त्या बाजूनं. मग धार अंगठ्याच्या नखावर पाहिली आणि टेबलावरचं वांगं पुढ्यात ओढलं.

"तिखट चालतं का गं तुला, पोरी?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"चालतं," सेला म्हणाली. "पण माझ्याकडं लक्ष देऊ नका. मी इथं नाहीच असं समजा."

"समोर कागद घेऊन बसलीयेस, आणि नाहीस असं समजू? बरं आहे!"

सेला हसली आणि तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. नोलीन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिथून तिला फक्त पेनाचं टोक हलताना दिसत होतं. तिला सेलाची सक्त ताकीद होती. हात लावायचा नाही, सुचवायचं नाही, डोळ्यांनी खुणावायचंसुद्धा नाही. पंचावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याला न खुणावता एका जागी उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ, आणि ते तिला फार जड जात होतं.

मर्व्ह अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जूनमध्ये, डॉक्टरांनी त्याच्या विसराळूपणाला नाव दिलं, नाव कळल्यावर पर्थला राहणाऱ्या मुलीनं अर्ज केला, आणि अर्जापाठोपाठ आज ग्रिफिथच्या कार्यालयातून सेला फिफिता आली होती. अशा माणसाला घरी ठेवावं की नाही, हे ती ठरवायची. त्यासाठी ती त्याला त्याच्याच घरात एक वेळचं जेवण करायला लावायची आणि बघत बसायची. दीडशे किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात, ज्या विभागाला बाहेरून कुलूप असतं तिथं, एक खाट सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. सेलानं नकार लिहिला की ती खाट मर्व्हची.

नोलीननं तयारीत कसूर केली नव्हती. सहा दिवस रोज अकराच्या ठोक्याला तालीम. अर्धा किलो बीफचा खिमा, एक वांगं, टोमॅटोचा एक डबा, राजम्याचा एक डबा. दोघांपुरती चिली. आणि सहाच्या सहा दिवस मर्व्हनं ती अशी केली होती की परवा तिनं पातेलं पावानं पुसून खाल्लं. चूक म्हणून नाही. काल झोपताना तिला वाटलं होतं, आता ती बाई येऊ दे, बघू दे काय बघायचंय ते.

वांगं चिरून झालं. पाण्याचा हात न लावता, बोरांएवढे चौकोनी तुकडे, एकासारखा एक. मर्व्हनं ते ताटात लोटले, सुरी पुसली, मागच्या व्हरांड्यात गेला आणि कॉनीनं दिलेलं वांग्यांचं अख्खं खोकं उचलून घेऊन आला.

कॉनी म्हणजे कुंपणापलीकडची. तिचे आईवडील इटलीहून येताना बियाण्याची पुडी घेऊन आले होते म्हणतात, आणि तेव्हापासून फेब्रुवारीत या गल्लीची वांग्यांपासून सुटका नाही. या दिवसांत आमच्याकडं गाडीला कुलूप लावतात ते चोराच्या भीतीनं नव्हे. उघडी गाडी दिसली की कॉनी मागच्या सीटवर पिशवी ठेवून जाते.

मर्व्हनं दुसरं वांगं घेतलं. तिसरं घेतलं. पाचवं घेतलं. सुरी अशी चालत होती की सेला लिहायचं विसरून बघत राहिली. मग तो धुण्याच्या खोलीतल्या जुन्या फ्रीजकडं गेला आणि दोन्ही हातांत मिळून खिम्याची चार मोठी पुडकी घेऊन आला. शनिवारी बोलिंग क्लबात जेवण होतं, नोलीन त्यासाठी खिम्याचे रोल करणार होती, त्याचा तो खिमा.

ताटलीत काढून ठेवलेल्या अर्ध्या किलो खिम्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतीवरचं मोठं लोखंडी पातेलं, ज्यात एखादं कोकरू सहज मावेल, ते उतरवलं आणि शेगडीवर ठेवलं.

आता नोलीनला सगळं लख्ख कळलं. तालमीत स्वयंपाकघरात परकं माणूस नव्हतं. आज एक माणूस कागद-पेन घेऊन कोपऱ्यात बसलं होतं, आणि मर्व्हच्या आयुष्यात असं माणूस एकाच ठिकाणी बसायचं. एकतीस वर्षं तो मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांचा आचारी होता. या शेडवरून त्या शेडवर, महिनेच्या महिने. नव्या शेडवर पहिल्या दिवशी मालकाचा माणूस असाच भटारखान्यात येऊन बसायचा, आचारी किती शिधा उडवतो ते टिपायला. मर्व्ह आज घरात नव्हताच. तो शेडवर होता, आणि बारा वाजता त्याची टोळी जेवायला येणार होती.

आणि खरं सांगायचं तर तो काय स्वयंपाक करत होता! नोलीनला त्याच्यावरून नजर काढवेना.

पातेलं तापून धूर येईपर्यंत तो थांबला. मग वांग्याचे तुकडे कोरडेच आत. तेलाचा थेंब नाही.

"जळणार नाहीत?" सेलानं विचारलं. स्वतःच घातलेला न बोलण्याचा नियम तिनं स्वतःच मोडला.

"वांगं म्हणजे दारुडा, पोरी. आधी तेल दाखवलंस तर बाटली संपवतो आणि वर आणखी मागतो. आधी कोरडा भाजायचा, नरम पडला की मग घोटभर द्यायचं."

कडा काळपट झाल्या, तुकडे मऊ पडले, तेव्हा त्यानं हाताच्या अंदाजानं तेल सोडलं, मीठ टाकलं आणि सगळं ताटात काढून ठेवलं. मग खिमा. तो त्यानं पातेल्याच्या तळाशी थापला आणि हात कमरेवर ठेवून नुसता उभा राहिला. दुसऱ्या शेगडीवर कढईत उरलेला खिमा, तिथंही तेच. चुरचुर आवाज यायला लागला, वास घरभर झाला, तरी हा आपला उभा.

"ढवळायचं नाही?"

"ढवळलं की खिमा रडतो. पाणी सोडतो. एका बाजूनं तांबूस खरपूस होऊ दे, मग उलथायचा. घाई करणाऱ्याच्या हातची चिली आजाऱ्याला द्यावी."

कांदा, लसूण, जिरं, लाल तिखट. मसाल्याला त्यानं चमचा लावला नाही, मूठच घातली, आणि मूठ दर वेळी तेवढीच भरली. टोमॅटोचे नऊ डबे, राजम्याचे सात. नोलीनला दुष्काळ पडल्यासारखी डब्यांची रास लावून ठेवायची सवय होती, ती आज अशी कामी आली. शेवटी सकाळच्या किटलीत उरलेला कोरा, गार चहा त्यानं त्यात ओतला. सेलाच्या भुवया वर गेल्या.

"चहा?"

"शेडवर वाइन कुठून आणू? चहानं रंग धरतो, आणि तोंडात मागून एक कडसर चव येते. कुणाला ओळखता येत नाही. टोळीतल्या नेव्हला विचार. तीन आठवडे तो बीफ बीफ करून बोटं चाटत होता. टोळीला रोज मेंढीचंच मटण, तिन्ही त्रिकाळ, त्यामुळं बीफ म्हणजे सण. आणि बीफ होतं निम्मंच, बाकी वांगं! जन्मात भाजीला शिवला नव्हता गडी. शेवटच्या दिवशी सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी म्हणाला, पुढच्या शेडवर वांगी जास्त घे."

सेला खळखळून हसली. पातेल्यात आता गडद लाल रस्सा जाड बुडबुडे सोडत होता, शेजारी भाताचं पाणी उकळत होतं. घड्याळात अकरा पस्तीस. इतक्या वेळात त्यानं ओटा दोनदा पुसला होता, प्रत्येक डब्याचं धारदार झाकण आत दुमडून फेकलं होतं, सुरीचं पातं एकदाही स्वतःकडं केलं नव्हतं. कढईचं काम संपल्यावर त्यानं ती शेगडी बंद केली आणि मोठ्यानं, जणू मागं कुणी उभं आहे अशा थाटात, म्हणाला, "एक नंबर बंद!" कुठल्याशा शेडवर भटारखाना जळाला होता, तेव्हापासूनची ही सवय. सेलानं तेही लिहिलं.

मग तिनं पेन खाली ठेवलं.

"मर्व्ह, जेवायला किती जण आहेत?"

"चौदा. आणि तू."

"कोण कोण?"

मर्व्हनं तोंड उघडलं. नोलीननं ताकीद, नियम, सगळं गुंडाळून ठेवलं.

"क्लबातली माणसं!" ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "आज गुरुवार ना. गुरुवारी ती आमच्याकडंच जेवतात."

सेलानं तिच्याकडं पाहिलं. मग ती उठली, मर्व्हला पातेल्याशी ठेवून दारापाशी आली आणि हलक्या आवाजात बोलली.

"स्वयंपाकात मला खोट काढता येणार नाही, नोलीन. माझ्या आईलासुद्धा आली नसती. मला काळजी तुमची आहे. चोवीस तास तुम्ही एकट्या. उद्या तुम्हाला ताप आला, तुम्ही पडलात, तर त्यांच्याजवळ कोण? मुलीच्या अर्जाखाली तुम्ही लिहिलंय, कुणाची गरज नाही."

"आमचं आम्ही निभावतो."

"सगळे असंच सांगतात," सेला म्हणाली. "आणि मग मला त्यांना न्यावं लागतं."

ती रागानं बोलली असती तर नोलीननं चार शब्द ऐकवले असते. पण पोरगी कळवळून बोलली.

"मशीन लावून येते," नोलीन म्हणाली, धुण्याच्या खोलीत गेली, दार लावलं आणि आवाज यावा म्हणून रिकामंच मशीन सुरू केलं. मग तिनं नेव्हला फोन लावला.

नेव्ह हा मर्व्हचा टोळीतला सगळ्यात जुना सोबती. त्याच्याइतक्या मेंढ्या दिवसाला कातरणारा या भागात दुसरा नव्हता; आता कमरेनं दगा दिला होता आणि गुरुवारी तो रस्त्यापलीकडच्या क्लबाच्या हिरवळीवर पांढरे कपडे घालून चेंडू घरंगळवायचा.

"नेव्ह, तुमच्या शनिवारच्या रोलांचा खिमा माझ्या नवऱ्यानं पातेल्यात टाकलाय."

"सगळा?"

"सगळा. चार किलो."

"मग शनिवारी आम्ही काय गवत खायचं?"

"आजच खा. बारा वाजता ये. चौदा माणसं आण." आठ महिने तिनं गावाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मर्व्ह दुकानात चुकीचं बोलला तर तिनं हसून सावरलं होतं, क्लबात जाणं बंद केलं ते त्याच्या गुडघ्यावर ढकललं होतं. "का ते विचारू नकोस."

पलीकडं नेव्हनं कुणाला तरी खेळ थांबवायला सांगितलं.

"विचारत नाही," नेव्ह म्हणाला. "चौदा म्हणजे अख्खी टोळी. त्याला कुठली शेड वाटतेय तेवढं सांग, म्हणजे आमची फजिती व्हायची नाही."

नोलीननं मशीनची कड घट्ट धरली.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच की! जूनमध्ये भल्या पहाटे माझ्या दारात उभा. वळकटी खांद्यावर. ट्रक कुठंय म्हणाला. मी म्हटलं, पाऊस झालाय, मेंढ्या ओल्या आहेत, आज काम बंद. ओल्या मेंढीला कोण कातर लावतं? पटलं त्याला. चहा प्यायला, घरी आणून सोडला."

"मला म्हणाला, फिरायला गेलो होतो."

"त्यानंतर चारदा आला. दोनदा कॉनीकडं गेला. तिनंही तेच सांगितलं, पाऊस झालाय म्हणून. आम्ही आपसांत ठरवून टाकलंय, काय सांगायचं ते."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत!"

"तू तरी कुठं बोललीस, नोलीन? आम्हाला वाटलं, तुला आवडायचं नाही."

आमच्याकडची माणसं ही अशी. वादळात शेजाऱ्याचं छप्पर उडालं तर न बोलावता शिडी घेऊन येतील. पण शेजारी स्वतःच आतून हलला, तर मान खाली घालून हवापाण्याचं बोलतील, आणि यालाच सभ्यपणा समजतील. नोलीनही तशीच. कॉनीचा नवरा गेला तेव्हा ती सहा महिने तिच्याशी फक्त वांग्यांबद्दल बोलली होती. त्याची आता तिला अशी लाज वाटली की कान तापले.

"मागच्या दारानं या," ती म्हणाली. "आणि हात धुऊन."

"आचाऱ्याच्या भटारखान्यात हात न धुता शिरायची माझी छाती आहे का?" नेव्हनं फोन ठेवला.

बारा वाजायला दोन मिनिटं होती. मर्व्हनं पातेल्यात व्हिनेगरचा शेवटचा हबका मारला, चव घेतली, भाताखालची आणि पातेल्याखालची शेगडी बंद केली, "दोन नंबर बंद! तीन नंबर बंद!" म्हणून ओरडला आणि चमच्यानं पातेल्याच्या कडेवर तीन टोले हाणले.

मागचं दार उघडलं आणि ती आली. रांगेनं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरीशुभ्र, खेळ अर्धा टाकून आलेली चौदा माणसं, साठीच्या आतलं एकही नाही. व्हरांड्यातल्या नळाखाली त्यांनी एकेकानं हात धुतले, नेव्हनं प्रत्येकाचे तपासले, आणि ताटं घेऊन ती मर्व्हपुढून सरकू लागली. कुणी भलतंसलतं विचारलं नाही. कुणी मर्व्हच्या तब्येतीची चौकशी केली नाही.

"कपडे बघा!" मर्व्ह वाढता वाढता म्हणाला. "मेंढ्या कातरताय की लग्नाला आलाय?"

"मालकाची हौस," नेव्ह म्हणाला. "घाल रे जरा जास्त. वांगं नाही ना यात?"

"छे! निव्वळ बीफ."

कॉनीची पाळी आली. मर्व्ह तिच्याकडं बघत थबकला.

"बाई? तुझं काय काम इथं?"

"लोकर पारखायला आलेय," कॉनी चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाली. "आणि पारखणाऱ्याला दोन डाव वाढतात."

मर्व्हनं दोन डाव वाढले. पंधरावं ताट सेलाला दिलं.

टेबलाशी जागा पुरली नाही, काही जण ओट्याला टेकून, काही व्हरांड्याच्या पायरीवर. पहिल्या घासानंतर पाच मिनिटं कुणी मान वर केली नाही, आणि हे काही नाटक नव्हतं. खिमा खरपूस होता, तरी मऊ. वांगं विरघळून रश्श्यात गेलं होतं, दिसत नव्हतं, पण त्याच्यामुळंच प्रत्येक घास भरदार लागत होता. तिखट आधी गप्प बसायचं आणि गिळल्यावर कानामागं चढायचं. आठच महिन्यांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेला एक म्हातारा तिसऱ्यांदा उठला. सेलानं भाताचा शेवटचा कण बोटानं टिपला, आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं.

नोलीन चौकटीतच उभी होती. आज सकाळपर्यंत तिला मर्व्हची भीती होती, हे काय बोलेल, ते काय करेल. आता पातेल्यामागं ताठ उभा राहून कुणाचं ताट रिकामं होतंय ते बघणाऱ्या या माणसाचा तिला इतका अभिमान वाटला की छाती दुखली.

जेवणं आटोपत आली तशी मर्व्हनं कमरेचा एप्रन सोडला. घडी घातली, चारी कोपरे जुळवले, आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. चेहरा उतरला होता. तो वळला आणि सगळ्यांकडं पाठ करून शेगडीकडं तोंड करून उभा राहिला.

नेव्हनं चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" सेलानं कुजबुजत विचारलं.

"मत," नेव्ह तितक्याच हळू म्हणाला. "आमच्या टोळीत आचाऱ्याला पगार आम्हीच द्यायचो, म्हणून ठेवायचा की नाही हेही आम्हीच ठरवायचो. नव्या शेडवर पहिल्या जेवणानंतर तो एप्रन काढून ठेवणार, भिंतीकडं तोंड करणार, आणि आम्ही हात वर करणार. पाठ एवढ्यासाठी, की हात कुणी खाली ठेवला ते त्याला कळू नये. एकही हात खाली राहिला तर संध्याकाळच्या ट्रकनं आचारी घरी."

"कधी घालवलंय यांना?"

"एकतीस वर्षांत एकदासुद्धा नाही. पण दर वेळी असाच पांढराफटक पडायचा."

नोलीननं हे कधी पाहिलं नव्हतं. ती सगळी वर्षं ती इथं या घरात मुलीला वाढवत होती. तो यायचा, दाढी करायचा, शेडवर काय चाललंय विचारलं तर 'ठीक' म्हणायचा. आता तिला त्याची पाठ दिसत होती, सदऱ्याला घामाचा मोठा डाग, आणि शेगडीपुढची दांडी धरलेले दोन्ही हात.

"ठेवायचा?" नेव्हनं मोठ्यानं विचारलं.

हात वर गेले. ओट्याजवळचे, टेबलावरचे, पायरीवरच्यांनी उठून दारात येऊन वर केले. कॉनीनं दोन्ही केले, नेव्हनं एक खाली घ्यायला लावला. मग तो मोजत गेला, बोट दाखवत, सावकाश, जणू त्या प्रत्येकाचं नाव घेत असावा.

"चौदा!"

मर्व्ह वळला नाही.

"नेव्ह," तो भिंतीला म्हणाला, "मी पंधरा ताटं वाढलीत."

सगळ्या माना सेलाकडं वळल्या. खरं मत तिथं एकाच माणसाला होतं, आणि ते कुणाला आहे हे त्या घरात मर्व्ह सोडून प्रत्येकाला ठाऊक होतं. सेलानं पुढ्यातल्या कागदाकडं पाहिलं. सकाळपासून लिहून भरलेलं पान. मग तिनं त्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं, त्यांच्यावर उडालेल्या लाल रश्श्याकडं पाहिलं, अजून खाली न आलेल्या चौदा हातांकडं पाहिलं. नोलीन मनात म्हणत होती, कृपा कर, पोरी. तिनं डोळ्यांनी खुणावलं नाही. तिला डोळे उघडे ठेवणंच जमेना.

तिनं ते उघडले तेव्हा सेलाचा हात वर होता. शाळेतल्या मुलीसारखा, कोपर न वाकवता, चांगला डोक्याच्या वर.

"पंधरा," नेव्ह म्हणाला.

नोलीन रडत होती. उघडपणे, सगळ्यांसमोर, रुमालाआड नाही की दाराआड नाही. आणि कुणी खिडकीबाहेर पाहिलं नाही, कुणी हवापाण्याचं काढलं नाही. कॉनी उठून तिच्याजवळ गेली आणि तिचा दंड धरून उभी राहिली.

मर्व्ह वळला. त्यानं एप्रन उचलला, झटकला, पुन्हा कमरेला बांधला आणि त्या सगळ्या वर केलेल्या हातांवर एकदा नजर फिरवली.

"मग बसलात काय?" तो खेकसला. "भांडी घासायला दोघं उठा."

सगळ्यात आधी सेला उठली.